रेव्हरंड टिळकांचा राजीनामा

ट्रॉम्बे बेटावर सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी चर्च बांधली, त्या काळी धर्मप्रसाराच्या खर्चाची जबाबदारी पोर्तुगालच्या राजाने पत्करलेली होती. राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्यातील तो उघड व्यवहार होता. १७३७ साली साष्टी मराठ्यांनी घेतली आणि तो आधार तुटला. पुढे १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत पाय रोवले, तेव्हा पैसा राजाचा नव्हता. समुद्रापलीकडच्या भाविक देणगीदारांचा होता. दाता बदलला, पण परका तो परकाच राहिला. धर्माच्या इतिहासात आधी जमाखर्च दिसावा हा अर्थशास्त्र शिकविणाऱ्याचा व्यवसायदोष म्हणावा. तथापि नारायण वामन टिळकांचे चरित्र या जमाखर्चावाचून नीट उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लोकमान्यांच्या या आडनावबंधूंचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई लवकर गेली, घर सुटले, नाशिकला संस्कृत विद्या झाली. नागपूरला असताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्यातून सुरू झालेले मंथन १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्म्यापाशी थांबले. हा विधी त्यांनी भारतीय पाळकाच्या हातून करून घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ख्रिस्त स्वीकारताना साहेब स्वीकारण्याची त्यांची तयारी पहिल्या दिवसापासूनच नव्हती. या निर्णयाची किंमत मात्र प्रथम लक्ष्मीबाईंनी मोजली. पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांनी काही वर्षे काढली. १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची कर्मभूमी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तेथे त्यांनी धर्मोपदेशकांच्या विद्यालयात शिकविले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी माणसाचे मन हलत नाही, हे त्यांनी ओळखले. मग ख्रिस्ती उपासनेत अभंग आला, भजन आले, टाळमृदंगाचे कीर्तन आले. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या वाटेने आलो, अशी त्यांची भावना होती. बालकवी ठोंबऱ्यांना त्यांच्या घरी मिळालेला आश्रय तर साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे.

एवढे करूनही एक अडचण उरली, आणि मिशनच्या सेवेतील वर्षांनी टिळकांना शिकविलेला खरा धडा तोच होता. भाषा मराठी झाली, वाद्ये मराठी झाली, पण उपदेशकाचा पगार परदेशी पैशातून निघत होता. ऐकणारा मनातल्या मनात विचारी, हा बोलतो ते श्रद्धेने की चाकरीपोटी? प्रश्न अन्यायाचा असेल, पण त्याला शब्दांनी उत्तर देता येत नव्हते. दुसरी बाजू याहून बिकट होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनने असंख्य पोरक्या मुलांना जगविले, त्यांना शाळा दिली, हातात धंदा दिला. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच उपकारांतून मिशनरी ‘मायबाप’ झाला आणि देशी मंडळी कायमची लेकरे राहिली. देणाऱ्याच्या हाती निर्णय, घेणाऱ्याच्या हाती कृतज्ञता, अशी ती रचना होती. टिळकांनी मिशनऱ्यांना उद्देशून कवितेतूनही याबद्दल कठोर शब्द सुनावले. अनुदानावर चालणाऱ्या संस्थांत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षक-कारकुनांना यात अनोळखी असे काही वाटू नये.

अखेर १९१७ साली टिळकांनी मिशनचा राजीनामा दिला. वय पंचावन्नच्या पुढे गेलेले, प्रकृती ढासळत चाललेली. संन्यासवृत्ती पत्करून ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सारेच तेथे येऊ शकत होते. चर्चच्या नोंदवहीत ज्यांचे नाव नाही त्यांनाही आपले म्हणणे, हे त्या काळी मोठे धाडस होते.

हा प्रयोग यशस्वी झाला काय? संस्था म्हणून झाला नाही. दोन वर्षांच्या आतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत निवर्तले आणि दरबाराला मूळ धरण्यास अवधीच मिळाला नाही. पगाराबरोबर शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने चालविण्याचे बळही जाते, हा हिशेब टिळकांच्या टीकाकारांनी मांडला तर तो खोटा ठरविता येणार नाही. शिवाय संन्यास एकाचा असला तरी टंचाई साऱ्या घराची असते. हाती आलेला पैसा दारच्या गरजवंताला देऊन मोकळे होणाऱ्या या माणसाचा संसार कसा रेटावा लागला, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत सांगितलेले आहे. त्या हसण्यामागचा ताळेबंद वाचकाने स्वतःच मांडावा. पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही पुढे त्यांनीच पूर्णत्वास नेले.

मृत्युपत्रात टिळकांनी आपल्या देहाला अग्नी द्यावा असे लिहून ठेवले होते. ख्रिस्ती समाजात तेव्हा ही गोष्ट रूढीविरुद्ध होती. आपल्या नावामागे रेव्हरंड वा अन्य कोणतीही उपाधी लावू नये, असेही त्यांनी बजावले होते. त्यांचा देह मुंबईत अग्नीला दिला गेला आणि रक्षा अहमदनगरला नेण्यात आली. उपाधीपुरती इच्छा मात्र आपण मानलेली नाही. शालेय पाठ्यपुस्तकांतून आणि या लेखाच्या मथळ्यातही ते रेव्हरंड टिळकच आहेत.