सैनिक घडवावा लागतो : डॉ. मुंजे यांचे जीवन

सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि चार वर्षांनी शेजारच्या कामठीला इंग्रजांची छावणी वसली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाचे हत्यारही परवान्याच्या कुलपात गेले. या निःशस्त्र अवस्थेची बोच ज्यांनी जन्मभर बाळगली, त्यांत नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १८७२ साली बिलासपूरचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १८९८ मध्ये डॉक्टर झाले आणि लगेचच वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धावर गेले. तेथे शिस्तबद्ध सैन्य त्यांनी जवळून पाहिले. पुढे नागपुरात नेत्रवैद्य म्हणून त्यांनी नाव मिळवले. नेत्रचिकित्सेवर संस्कृतात ग्रंथही लिहिला. राजकारणात ते टिळकांचे खंदे अनुयायी होते. १९२० मध्ये टिळक गेले. गांधीजींचा अहिंसेचा मार्ग डॉक्टरांना पटला नाही आणि ते काँग्रेसपासून दूर झाले. १९२७ मध्ये हिंदू महासभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

त्या काळी अमुक जाती लढाऊ, तमुक जाती बिगरलढाऊ अशी विभागणी सरकारने करून ठेवली होती. तिच्याच पायी महारांसारख्या पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेल्या समाजालाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरती बंद झाली. अधिकारी होण्याची वाट तर फारच अरुंद. १९१८ पासून इंग्लंडमधील सँडहर्स्टला वर्षाला अवघ्या १० हिंदी तरुणांना जागा मिळत. देशातच लष्करी महाविद्यालय हवे, ही मागणी मुंजे यांनी गोलमेज परिषदेत लावून धरली. १९३१ मध्ये सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली यासाठी समिती नेमली गेली, तिचे ते सभासद होते. १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनला ४० तरुणांची पहिली तुकडी दाखल झाली.

ही तुकडी कोणाची होती, हे पाहण्यासारखे आहे. तिच्यात पारशी माणेकशा होते, पुढे पाकिस्तानचे सरसेनापती झालेले मुहम्मद मुसा होते आणि ब्रह्मदेशाचे सेनापती झालेले ख्रिस्ती कारेन स्मिथ डन होते. जन्म निरनिराळ्या धर्मांतला, पण कवायत एक आणि कसोटीही एकच. सैनिक जातीने जन्मत नाही, तो शिक्षणाने घडतो, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

मुंजे मात्र दुसऱ्याही वाटेने निघाले होते. मार्च १९३१ मध्ये परतीच्या प्रवासात ते इटलीत थांबले, मुसोलिनीला भेटले आणि तेथील मुलांच्या निमलष्करी संघटना पाहून प्रभावित झाले. १९३५ मध्ये त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे केले. उतारवयात झोळी घेऊन संस्था उभारणाऱ्या या माणसाच्या चिकाटीला दाद द्यावीच लागेल. परंतु एका धर्माच्या तरुणांपुरता आखलेला हा विचार डेहराडूनच्या कसोटीपेक्षा तोकडा होता, हेही नमूद केले पाहिजे. इटलीतील त्या कवायतींचा शेवट कोणत्या विनाशात झाला, ते जगाने पाहिले. शिस्त हे साधन आहे. ती कोणासाठी आणि कोणाविरुद्ध, यावर तिचे मोल ठरते.

मार्च १९४८ मध्ये मुंजे निवर्तले. त्याच वर्षी राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला आणि लष्करी शिस्तीचे प्राथमिक धडे सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले झाले. तत्पूर्वी, १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहून जुना अन्याय दूर झाला होता. १९४९ मध्ये गार्ड्स ही रेजिमेंट स्थापन झाली; तिच्यात जात, धर्म वा प्रांत न पाहता सर्वांना घेतात. तिचे केंद्र आज आपल्या कामठीलाच आहे.

निःशस्त्र देशाला लष्करी शिक्षण हवे, हा मुंजे यांचा आग्रह खरा ठरला. त्याभोवती त्यांनी घातलेले कुंपण मात्र आपल्या सैन्याने स्वीकारले नाही. आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर छात्रसेनेच्या गणवेशात उभे राहताना या दोन्ही गोष्टी आपण ध्यानी ठेवाव्यात.