शिळा वाचणारा शाळा-तपासनीस

बंगळूरच्या जुन्या पेठेत, अव्हेन्यू रोडच्या गजबजाटात, राइस मेमोरियल चर्च उभे आहे. लंडन मिशनचे रेव्ह. बेंजामिन राइस यांनी सुमारे पन्नास वर्षे त्या नगरात सेवा केली व १८८७ साली ते प्रभूमध्ये निजले. त्यांचेच नाव या मंदिराला दिलेले आहे. प्रस्तुत चरित्र मात्र त्यांच्या पुत्राचे, बेंजामिन लुईस राइस यांचे आहे. कर्नाटकातील विद्वान त्यांना शिलालेखांचे पितामह म्हणून मान देतात. परंतु शिलालेखांकडे वळण्यापूर्वी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे त्यांनी शाळाखात्याला दिली होती, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

लुईस राइस यांचा जन्म १७ जुलै १८३७ रोजी बंगळूर येथे झाला. पिता कानडी भाषेचे जाणकार, आणि माता जेन राइस या पेठेतील कानडी मुलींच्या शाळेसाठी झटणाऱ्या. मुलींना शिकविणे हेच जेव्हा लोकांना विपरीत वाटे, अशा काळी या घरात शाळा हा नित्याचा विषय होता. शिक्षणासाठी लुईस इंग्लंडास गेले व १८६० साली परतून बंगळूरच्या सरकारी हायस्कुलाचे प्रमुख झाले. हेच हायस्कूल पुढे सेंट्रल कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आले. १८६५ साली म्हैसूर व कुर्ग प्रांतांच्या शाळा तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्या काळची शाळातपासणी म्हणजे काय, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. तपासनीस येत, मुले रांगेत उभी राहत. वाचन, शुद्धलेखन व हिशेब होत आणि नावापुढे उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण अशी खूण पडे. इंग्लंडात १८६२ पासून सरकारी मदत मुलांच्या उत्तीर्णतेवर मोजून देण्याची रीत पडली होती. आपल्याकडे मुंबई व मद्रास इलाख्यांतही, मिशनच्या शाळा धरून, मदत घेणाऱ्या अनेक शाळांना ती लागू झाली. पैसा वाया जाऊ नये हा हेतू वाईट नव्हता. परंतु जे मूल उत्तीर्ण होईल तेच शाळेला पैसा मिळवून देणार, असे ठरले की मंद मुलाकडे पाहण्यास शिक्षकास सवड कोठून मिळणार? घोकंपट्टी वाढली आणि ज्याला आधाराची अधिक गरज, तोच मागे पडू लागला.

राइससाहेबांचे पाऊल येथे निराळ्या दिशेने पडले. गावोगाव फिरताना मुलांची परीक्षा घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे भाग होते: या गावाला शाळा तरी आहे काय? १८६८ साली शाळाखात्याचे प्रमुख जॉन गॅरेट रजेवर असता राइस यांनी त्यांचा कारभार सांभाळला. त्याच वेळी प्रत्येक होबळीत, म्हणजे तालुक्याच्या प्रत्येक पोटविभागात, एक शाळा असावी अशी योजना त्यांनी मांडली. बाहेरचा पगारी पंडित आणून बसवावयाचा नाही, तर त्या त्या भागातील पंतोजींनाच नॉर्मल स्कुलात शिकवून तयार करावयाचे व आपल्या लोकांत परत पाठवावयाचे, हा तिचा पाया होता. मुलाची परीक्षा घेण्यापूर्वी त्याच्या गुरूला हात द्यावा, असाच या योजनेचा अर्थ होतो. पुढे ते शाळाखात्याचे डायरेक्टर झाले.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचे चिटणीस म्हणून राइस यांची निवड झाली. मराठी वाचकांस हा आयोग परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे निवेदन सादर केले, पंडिता रमाबाईंनी पुण्यात साक्ष दिली, आणि न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग त्याचे सभासद होते. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत असे जोतीरावांनी सुचविले. शिक्षक आपल्याच लोकांतला असावा, हा विचार राइस यांच्या होबळी योजनेशी जुळणारा होता.

आयोगाचे निर्णय सभासदांचे होते, चिटणिसांचे नव्हेत, हे खरे. तरीही त्यांतील काही सूचना आज वाचण्याजोग्या आहेत. परीक्षा शक्य तेथे शाळेच्या जागीच घ्यावी, मदत घेणाऱ्या प्राथमिक शाळांची तर तेथेच घ्यावी. प्राथमिक परीक्षांची इयत्ता सोपी करून तींत देशी हिशेब, शेती व आरोग्य यांना स्थान द्यावे. मुलांच्या शरीराची वाढ देशी खेळांनी करावी. मागासलेल्या भागांतील शाळांना निराळ्या नियमांनी साहाय्य करावे. निकालावर मदत देण्याची रीत मात्र प्राथमिक शाळांपुरती बव्हंशी कायम राहिली. आयोगाने दार किलकिले केले, पुरते उघडले नाही.

यानंतर राइस यांचे जीवनकार्य पालटले. फिरतीवर असता शेतांच्या बांधांवर व देवळांच्या आवारांत त्यांना लेख कोरलेल्या शिळा आढळत. ती अक्षरे गावकऱ्यांना लागत नसत. त्यांनी जुनी कानडी लिपी व भाषा यांचा कसून अभ्यास केला. १८८६ ते १९०५ या काळात त्यांनी बारा खंडांत सुमारे नऊ हजार लेख प्रसिद्ध केले. १८८९ साली श्रवणबेळगोळचे लेख छापून निघाले. गोमटेश्वराच्या पायाशी असलेला जो लेख आपण दीर्घकाळ मराठीचा आद्य लेख मानत आलो, तो त्यांत आहे. १८९२ साली चित्रदुर्ग भागात त्यांना अशोकाचे लेख सापडले. शिष्याने गुरूचा मान राखावा, हा उपदेश त्यांत आढळतो. १९०६ साली ते निवृत्त झाले आणि १० जुलै १९२७ रोजी इंग्लंडात हॅरो येथे त्यांचे निधन झाले.

या दोन कामांत एक नाते दिसते. झिजलेली शिळा वाचता आली नाही, म्हणून ती टाकाऊ ठरवून राइस पुढे गेले नाहीत. त्यांनी ती स्वच्छ करविली, ठसा घेतला, लिपी शिकून घेतली. लेख लागला नाही तर दोष शिळेचा नव्हता. वाचणाऱ्याची तयारी अपुरी होती. मग जिवंत लेकराविषयी आपण इतकी उतावीळ का करावी?

हा प्रश्न जुना झालेला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षांची वाट पुन्हा मोकळी झाली. त्याच कर्नाटकात लहान इयत्तांच्या बोर्ड-परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व एप्रिल २०२४ मध्ये निकालांना स्थगिती मिळाली. परीक्षा असावी की नसावी, यावर विद्वानांत मतभेद आहेत व राहतील. पण आपल्या मंडळ्यांच्या शाळांपुरता विचार आपल्या हाती आहे. शेकडा शंभर निकालाचा फलक दाराशी लावण्यासाठी दुबळ्या मुलाला नववीतच दाखला देऊन वाटेस लावणे, हे मिशन शाळेच्या नावास शोभत नाही. नव्याण्णव मेंढरे सुखरूप असताना एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण दर वर्षी ऐकतो. गुणपत्रिकेवरील लाल रेघ ही त्या शोधाची सुरुवात ठरावी.