लोकमान्यांचे लांबलेले पुस्तक

१८७२ साल. गंगाधर रामचंद्र टिळक शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा त्यांना गीतेवरची 'भाषाविवृति' ही प्राकृत टीका वाचून दाखवत असे. त्याच वर्षी वडील गेले. मुलाच्या मनात गीता राहिली. पुढे मूळ ग्रंथ आणि त्यावरची भाष्ये वाचताना त्याला एक शंका छळू लागली. लढाई सोडून निघालेल्या अर्जुनाला लढायला उभे करण्यासाठी जो उपदेश झाला, त्यात बहुतेक टीकाकारांना संन्यास किंवा भक्तीच का सापडावी? या शंकेला दिलेले सविस्तर उत्तर म्हणजे 'गीतारहस्य'. ते कागदावर उतरायला सुरुवात झाली २ नोव्हेंबर १९१० रोजी. मधे ३८ वर्षे गेली होती.

बाळ गंगाधर टिळकांना आळशी म्हणण्याचे धाडस त्यांच्या शत्रूंनीही केले नाही. म्हणूनच ही ३८ वर्षे नीट पाहण्यासारखी आहेत. काम अंगावर पडून राहिले की आपण स्वतःला किंवा हाताखालच्या माणसाला आळशी ठरवून मोकळे होतो. मानसशास्त्र इतके घाईचे निदान करत नाही. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरचे शेकडो अभ्यास एकत्र करून मांडणी केली. उशिराने आपलेच नुकसान होणार हे ठाऊक असूनही, कोणी अडवलेले नसताना, ठरवलेले काम पुढे ढकलणे म्हणजे चालढकल. काम जमेल असा भरवसा कमी, कामात गोडी कमी, फळ लांब आणि मन चटकन दुसरीकडे ओढले जाणारे, या गोष्टी एकत्र आल्या की ती वाढते. आळशाला काम करायचेच नसते. चालढकल करणाऱ्याला ते करायचे असते, आणि म्हणून तो त्या न केलेल्या कामाचे ओझे दिवसभर वाहतो.

प्रत्येक लांबणीवर टाकणे मात्र चालढकल नसते. टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृतीने किडकिडीत होते. पुढच्या आयुष्याला हे शरीर पुरणार नाही, हे ओळखून त्यांनी पहिले वर्ष तालमीला, पोहण्याला आणि खाण्याला दिले आणि अभ्यासाचे नुकसान पत्करले. किंमत समजून, डोळे उघडे ठेवून केलेली ही निवड होती. वैद्यकीयदृष्ट्या हा त्यांच्या तरुणपणातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल. पुढे तुरुंग आणि मधुमेह झेलले ते याच कमावलेल्या शरीराने.

१८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. वर्षभराने 'केसरी' आणि 'मराठा' निघाले, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. 'केसरी' साप्ताहिक होता, मंगळवारचा. अग्रलेख लिहावासा वाटो न वाटो, मंगळवार यायचाच. टिळकांच्या हातून किती मजकूर लिहून झाला हे पाहिले तर थक्क व्हायला होते, आणि त्यातला फार मोठा भाग या मंगळवारांनी लिहवून घेतला आहे.

हीच गोष्ट त्यांच्या पहिल्या संशोधनग्रंथाची. गीता वाचतानाच, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष श्रेष्ठ का म्हटला असेल, या विचाराने ते वेदांच्या काळाच्या शोधाकडे वळले. त्यातून निबंध तयार झाला, कारण १८९२ मध्ये लंडनला प्राच्यविद्या परिषद भरायची होती आणि निबंध तिथे वेळेत पोचवायचा होता. तो इतका लांबला की परिषदेकडे सारांशच गेला, आणि पूर्ण मजकूर १८९३ साली 'ओरायन' म्हणून छापला गेला. गीतेच्या एका ओळीवरून निघालेले पुस्तक असे तीन-चार वर्षांत पुरे झाले. खुद्द गीतेवरचे मात्र तसेच राहिले. त्याची वाट पाहणारी कोणतीही परिषद नव्हती.

बाहेरून आलेल्या मुदतीचा हा जोर प्रयोगातही दिसला आहे. डॅन एरिअली आणि क्लाउस वर्टेनब्रॉख यांनी २००२ साली विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्यांना समान अंतराच्या मुदती बाहेरून घालून दिल्या होत्या त्यांचे काम सर्वांत चांगले झाले, स्वतःच मुदती ठरवणारे त्यांच्या मागे राहिले आणि सगळे शेवटच्या दिवसावर सोडलेले सर्वांत मागे. सारसोळ्याच्या खाडीत होडी घालणाऱ्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. भरतीची वेळ त्याने ठरवलेली नसते आणि ती त्याच्यासाठी थांबत नाही, म्हणून होडी रोज वेळेवर निघते. जाळ्याची मोठी दुरुस्ती मात्र महिनोन्‌महिने पडून राहू शकते, कारण तिला भरती-ओहोटी नसते.

टिळकांच्या आयुष्यात १८९० नंतर नुसती भरतीच होती. सार्वजनिक गणेशोत्सव, शिवजयंती, दुष्काळ, १८९६-९७ चा प्लेग, राजद्रोहाचा पहिला खटला. १८९७ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली आणि मॅक्स म्युलरसारख्या पंडितांच्या अर्जामुळे वर्षभरातच सुटका झाली. त्या तुरुंगातल्या सक्तीच्या निवांतपणात आर्यांच्या मूळ स्थानाचा विचार पक्का झाला, तरी 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' छापून यायला १९०३ उजाडले. मधे ताईमहाराज प्रकरण उपटले होते. मित्राच्या मृत्युपत्राची जबाबदारी पाळताना खोट्या साक्षीच्या आरोपापर्यंत गोष्ट गेली आणि त्या दाव्यांनी त्यांची वर्षानुवर्षे खाल्ली.

गीतेवर ते बोलत होते. १९०२ मध्ये नागपूरला आणि १९०४ मध्ये संकेश्वर मठात शंकराचार्यांसमोर त्यांनी आपले म्हणणे व्याख्यानातून मांडले. म्हणजे मुद्दा तयार होता, मांडणी तयार होती, ऐकणारेही होते. व्याख्यानाला दिवस ठरलेला असतो म्हणून व्याख्याने झाली. पुस्तकाला दिवस नव्हता.

ही अवस्था कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. दिवसभर फोन, सह्या, मेल, बैठका उरकल्या जातात आणि ज्या एका अहवालासाठी आपली नेमणूक झाली आहे तो पुढच्या आठवड्यावर जातो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की दोन कामांपैकी एकाला नुसती मुदत जवळची दिसली, तरी माणसे कमी मोबदल्याचे तेच काम आधी उचलतात. आपण फार कामात आहोत असे ज्यांना वाटते, त्यांच्यात ही ओढ अधिक दिसली. निवड करण्याच्या क्षणी दोन्ही कामांतून काय मिळणार आहे याकडे लक्ष वेधले, तर ती कमी होते. चालढकलीचा हा प्रकार ओळखायला सर्वांत कठीण, कारण माणूस रिकामा बसलेला कधी दिसतच नाही. टिळकांचे तसेच होते. त्यांनी पुढे ढकललेले काम हलके नव्हते, पण ज्यासाठी ढकलले तीही कामे हलकी नव्हती. इथे त्यांना दोष देण्यापेक्षा माणसाचे लक्ष कसे वागते ते पाहावे.

दुसरे कारण कामाच्या आकाराचे. गीतेवर लिहायचे तर शंकराचार्यांपासून सगळी भाष्ये, महाभारत, उपनिषदे, बौद्ध ग्रंथ आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्र तपासायला हवे. पंडित चुका काढायला बसलेलेच असतात. काम जितके मोठे आणि जिव्हाळ्याचे, तितकी त्याला हात घालताना मनात अस्वस्थता दाटते. ती टाळण्यासाठी मन सोप्या कामाकडे वळते आणि तेवढ्यापुरते बरे वाटते. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी चालढकलीचे मूळ वेळेच्या हिशोबापेक्षा या भावनिक सुटकेत आहे असे मांडले आहे. त्यांचे म्हणणे खरे असेल, तर नवी डायरी किंवा मोबाइलवरचे नवे ॲप घेऊन फारसा फरक पडत नाही हेही समजते.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. सप्टेंबरमध्ये ते ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात पोचले. राहायला लाकडी खोली, उन्हाळा भाजून काढणारा, घरी पत्र महिन्यातून एक. मधुमेह होताच. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये, टिळकांच्या मृत्यूनंतर. तेव्हा पथ्य हाच काय तो उपचार होता. त्यांनी भात आणि गहू सोडून सातूवर भर दिला आणि ते पथ्य वर्षानुवर्षे सांभाळले. चार दिवसांत पथ्य मोडणारे रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यामागची चिकाटी कळेल.

इथे एक गोष्ट सहसा सुटते. मंडालेला पोचताच टिळकांनी ग्रंथ लिहायला घेतला नाही. दोन वर्षे ते वाचत होते. पुण्याहून पुस्तके मागवली जात होती, जर्मन-फ्रेंचसारख्या भाषांचा अभ्यास चालला होता आणि बाहेर प्रिव्ही कौन्सिलकडे सुटकेसाठी केलेली खटपट फुकट गेली होती. वेळ भरपूर मिळाला की काम आपोआप होते, हा निवृत्तीची वाट पाहणाऱ्यांचा समज इथेही खरा ठरत नाही. १९१० चा हिवाळा आला तेव्हा कार्तिकाच्या पहिल्या दिवशी त्यांनी पेन्सिल उचलली आणि फाल्गुनाच्या अखेरीस, ३० मार्च १९११ रोजी, पहिला खर्डा पुरा केला. पंधरा प्रकरणांच्या या प्रचंड ग्रंथाला पाच महिन्यांहून कमी काळ लागला.

त्या पाच महिन्यांत काय जुळून आले होते? दिवसाचा क्रम तुरुंगाने बांधून दिला होता. उठण्याची, जेवणाची, कोंडले जाण्याची वेळ ठरलेली, त्यामुळे लिहायला कधी बसायचे हे रोज नव्याने ठरवावे लागत नव्हते. भेटायला येणारे नव्हते, मंगळवारही नव्हता. शाई आणि सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिली एवढेच साहित्य. पेन्सिलीने लिहिलेला मजकूर खर्डाच असतो, तो खोडता येतो. त्यामुळे हात मोकळा होतो असे मानायला जागा आहे, निदान निर्दोषपणाच्या भीतीने अडलेल्यांनी हे करून पाहायला हरकत नाही.

तुरुंग हे काही औषध म्हणून लिहून देता येत नाही. त्याची किंमतही विसरू नये. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या आणि ही बातमी टिळकांना मंडालेत तारेने कळली. पण त्या खोलीतले काही तुकडे बाहेर आणता येतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवले आहे की नुसता निश्चय करण्यापेक्षा अमुक वेळी, अमुक जागी, अमुक कामाला बसेन असे ठरवणारे लोक ते काम करण्याची शक्यता बरीच वाढते. सकाळी कचेरीत पोचल्यावर पहिला पाऊण तास, मेल उघडण्याआधी, फोन खणात ठेवून, त्याच एका अहवालासाठी. साहेबांना किंवा सहकाऱ्याला आपणहून सांगितलेली तारीख, म्हणजे आपलाच एक मंगळवार. आणि पहिला मसुदा कच्चाच लिहायचा. मात्र सगळ्याच कामांत जीव लागेनासा झाला असेल, झोप-भूक बिघडली असेल, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर ती चालढकल नसून नैराश्याचा आजार असू शकतो. लहानपणापासून कशावरच चित्त ठरत नसेल, तर एडीएचडीची तपासणी करून घ्यावी. दोन्हींवर उपचार आहेत आणि सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ते मिळतात. तिथे स्वतःला शिस्तीचे फटके मारून काही होत नाही.

जून १९१४ मध्ये टिळक सुटून पुण्यात आले, पण वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. मित्रांना काळजी पडली. टिळक मात्र फारसे डगमगले नाहीत. वह्या परत न मिळाल्या तर सिंहगडावर बसून सगळा ग्रंथ पुन्हा लिहून काढायची त्यांची तयारी होती, अशी आठवण सांगितली जाते. वह्या मिळाल्या आणि १९१५ च्या जूनमध्ये 'गीतारहस्य' छापून झाले. पहिली आवृत्ती हातोहात खपली.

मंडालेत असताना त्यांनी पुढे लिहायच्या ग्रंथांची यादी केली होती. त्यात हिंदू धर्माचा इतिहास होता, हिंदू कायदा होता, शिवचरित्र होते आणि या गणिताच्या पदवीधराच्या मनातले कलनगणितावरचे पुस्तकही होते. पण सुटल्यावर पुन्हा तारखा सुरू झाल्या. १९१६ मध्ये होमरूल लीग, त्याच वर्षी लखनौ काँग्रेस, १९१८-१९ मध्ये चिरोल खटल्यासाठी लंडन. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले. वेदकालनिर्णय आणि वेदांगज्योतिष यांवरचे त्यांचे लेखन १९२५ साली पुस्तकरूपाने निघाले. शिवचरित्र आणि कलनगणित लिहिले गेले नाही.