खिंडारात उभी राहिलेली चांदबिबी

आमच्या माढ्यातल्या बचत गटात एक भाभी येत असत. हिशेबाला पक्क्या, वहीतला रुपया इकडचा तिकडे होऊ द्यायच्या नाहीत. येताना बुरखा असायचाच. आत बसल्यावर तोंडावरचा पडदा कधी वर करायच्या, कधी नाही. २०२२ मध्ये शेजारच्या कर्नाटकात वर्गातल्या हिजाबवरून वाद पेटला, टीव्हीवर दिवसरात्र तेच. त्या दिवसांत भर बैठकीत मी त्यांना म्हटलं, की आता तरी हे काढा. त्या नुसत्या हसल्या. पुढच्या बैठकीला आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. सासूबाईंसमोर बारा वर्षं मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ते मात्र तेव्हा मला आठवलं नाही!

तेव्हापासून मला चांदबिबी सारखी आठवते. शाळेच्या पुस्तकातली शूर राणी एवढीच आपली तिची ओळख. पण मैत्रिणींनो, ती आपल्या सोलापूरशीही जोडलेली आहे. सिद्धेश्वराच्या तळ्याशेजारचा भुईकोट किल्ला आहे ना, तो तिच्या लग्नात आंदण दिला होता. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) हुसेन निजामशहाची ही लेक. सोलापूरसाठी निजामशाही आणि आदिलशाही कायम भांडत. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी विजयनगरविरुद्ध एकी हवी होती, म्हणून लेक आणि किल्ला दोन्ही विजापूरच्या अली आदिलशहाला दिले. असेल ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

पण पुढे ती नुसती जनानखान्यात बसून राहिली नाही. नवऱ्याबरोबर शिकारीला, मोहिमांवर जायची असं सांगतात. पुढच्या काळातल्या दख्खनी चित्रांत ती घोड्यावर बसून हातावर ससाणा घेऊन निघालेली दिसते, चेहरा उघडा. १५८० मध्ये अलीचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. नऊ वर्षांच्या पुतण्याला, इब्राहिमला गादीवर बसवून तिने कारभार पाहिला. बाईच्या हातात कारभार म्हटल्यावर सरदारांच्या पोटात दुखणारच! किश्वरखानाने तिला थेट साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. पुढे इख्लासखान वगैरे हबशी सरदारांनी त्याला हाकललं, तेव्हा ती सुटून आली. काही वर्षांनी ती माहेरी परतली, तर तिथे वारसाहक्कावरून चार तट पडलेले. त्यातल्याच एकाने मोगलांना बोलावून घेतलं.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पुरले. त्यांतले काही आतल्यांनी शोधून निकामी केले, पण एक उडालाच. तटाला मोठं खिंडार पडलं आणि भले भले सरदार पळायला लागले. त्या वेळी चांदबिबी अंगावर चिलखत, तोंडावर पडदा आणि हातात नंगी तलवार घेऊन त्या खिंडारात येऊन उभी राहिली. बखरकारांनी पडदा आणि तलवार एका दमात लिहून ठेवली आहे. पडदा आहे म्हणून हिला लढता येणार नाही, असं तिथे कुणी म्हटलं नाही. आणि लढायला बाहेर आलीस म्हणून पडदा मोडला, असंही नाही. ते ठरवायला वेळ कुणाला होता? पळणारे मागे फिरले, संध्याकाळपर्यंत लढले. तिने रातोरात उभं राहून तट बांधून घेतला. गोळे संपले तेव्हा तोफांत सोन्या-चांदीची नाणी भरली म्हणतात. खरंखोटं देव जाणे. शेवटी मोगलांनी वऱ्हाडावर समाधान मानून वेढा उठवला. तेव्हापासून लोक तिला चांद सुलताना म्हणू लागले.

१६०० मध्ये मोगल पुन्हा आले. या खेपेला किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखलं. लहानग्या बहादुरशहाला सुखरूप बाहेर काढायच्या अटीवर किल्ला द्यावा, असं तिचं मत पडलं. हमीदखान नावाच्या माणसाने ती मोगलांना फितूर झाल्याची बोंब भर रस्त्यात ठोकली. आपल्याच माणसांचा जमाव महालात घुसला आणि त्यांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला, बहादुरशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. नगरला डोंगरावर चांदबिबीचा महाल म्हणून दाखवतात तीही सलाबतखानाची कबर आहे, हिची नव्हे. तिच्या नावाची बावडी आहे ती सासरी, विजापुरात.

ते विजापूर आज कर्नाटकात, जिथे हिजाबवरून हा वाद पेटला. मार्च २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचंच एकमत झालं नाही. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या हिजाबबंदीला २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली, पण वर्गात बुरखा नको असंही म्हटलं. खरं सांगू? मला बुरखा आजही आवडत नाही. सहा-सात वर्षांच्या पोरीला झाकलेली बघितली की जीव तुटतो. पण त्या दिवशी बैठकीत मी भाभींना काही विचारलं नव्हतं, हुकूम सोडला होता. हिशेबाची वही हातून गेली ती त्यांच्या.

भाभी अजून बैठकीला येत नाहीत. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला मुलीबरोबर न चुकता पाठवतात. या पाच तारखेला तो घ्यायला मीच त्यांच्या घरी जाणार आहे. वही बरोबर नेणार आहे.