डोकं एकीकडे, धड दुसरीकडे

पॅरिसमध्ये सीन नदीच्या एका काठावर एक म्युझियम आहे. माणूस कुठून आला, कसा घडला हे सांगणारं. तिथल्या संग्रहात एक कवटी आहे, जुनी, तपकिरी पडलेली, वर शाईनं काहीबाही लिहिलेली. नदीच्या दुसऱ्या काठावर सॅं-जर्मेन-दे-प्रे नावाचं चर्च आहे. तिथे एका माणसाची हाडं पुरलेली आहेत, पण त्यात डोकं नाही. दोन्ही एकाच माणसाचं, असं मानलं जातं. आणि गंमत बघा, हाच माणूस सांगायचा की माणूस म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. एक विचार करणारा आत्मा, दुसरं जागा व्यापणारं शरीर.

याला तुम्ही ओळखता. दहावीला निर्देशक भूमिती होती ना? एक्स अक्ष, वाय अक्ष, आलेखाच्या कागदावर टिंबं काढत बसायचो ती. पुढे अकरावी-बारावीत त्यालाच 'कार्टेशियन' म्हणायला लागले. ते नाव याच्यावरून आलं. रेने देकार्त.

मला तो मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला भेटला, एका ऑप्शनल पेपरात. नोट्समध्ये दीड पान होतं, पाठ केलं, विसरले. मग एका व्हायवाच्या आदल्या रात्री माझं पोट असं दुखायला लागलं की आईनं रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, पोटाला काही झालेलं नाही, टेन्शन आहे. आता सांगा, टेन्शन मनात, मग दुखतंय पोट का? मधली वायर कुठली? परत येताना तेच दीड पान आठवलं. हाच प्रश्न १६४३ मध्ये एका चोवीस वर्षांच्या मुलीनं देकार्तला विचारला होता. आणि तो चांगलाच अडकला होता.

पण आधी त्याच्याबद्दल थोडं. ३१ मार्च १५९६ ला फ्रान्समधल्या ला हे गावात त्याचा जन्म झाला. आज त्या गावाचंच नाव देकार्त आहे. तो तेरा-चौदा महिन्यांचा असताना आई गेली, पुढच्या बाळंतपणात. त्याची मात्र मोठेपणीही अशी समजूत होती की आपण जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली, आणि तिचा कोरडा खोकला, तिचा फिकट रंग आपल्याला वारशानं मिळाला. हा खोकला लक्षात ठेवा, पुढे लागेल. पोरगं नाजूक म्हणून ला फ्लेशच्या जेझुइट शाळेत त्याला एक सवलत मिळाली. बाकीची मुलं पहाटे उठून रांगेत, हा उशिरापर्यंत अंथरुणात. पडल्या पडल्या विचार करायचा. ही सवय त्यानं जवळपास शेवटपर्यंत सोडली नाही. (आमच्या घरी हा युक्तिवाद चालत नाही, करून पाहिलाय.)

वडिलांच्या मनाप्रमाणे वकिलीची पदवी घेतली, वकिली केली नाही. सैन्यात गेला, युरोपभर फिरला. १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्री, जर्मनीत शेकोटीनं उबदार केलेल्या एका खोलीत त्याला लागोपाठ तीन स्वप्नं पडली. सगळं ज्ञान नव्यानं, पायापासून उभं करायचं हे आपलं काम, असं त्यानं त्यावरून ठरवलं. वय तेवीस. म्हणजे माझ्याहून एका वर्षानं मोठा. असो.

पुढे तो हॉलंडमध्ये जाऊन राहिला, वीसेक वर्षं. ॲमस्टरडॅममध्ये एका हिवाळ्यात तो जवळजवळ रोज खाटकाकडे जायचा. जनावरं कापताना बघायचा, हवे ते अवयव घरी आणून चिरायचा. आत्म्यावर लिहिणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोळे मिटून बसलेला कोणीतरी येतो. हा कोपरापर्यंत रक्तानं माखलेला.

त्या चिरफाडीतून त्याला काय दिसलं, तर यंत्र. त्या काळी फ्रान्सच्या राजबागेत पाण्याच्या दाबावर हलणारे पुतळे होते. शरीर तसंच चालतं, असं त्यानं मांडलं. ॲरिस्टॉटलपासून लोक मानत आले होते की वाढणं, पचवणं ही कामंही आत्म्याचीच. देकार्त म्हणाला, छे. हृदयाचं धडधडणं, पचन, श्वास, सगळं यंत्र आपलं आपण करतं. मरणाबद्दल तर त्यानं आपल्या बोलण्याची पद्धतच उलटी केली. आपण म्हणतो, प्राण गेला म्हणून माणूस गेला. त्याच्या मते घड्याळ मोडल्यासारखं शरीर मोडतं, आणि म्हणून आत्मा निघून जातो. हे आज आपल्याला साधं वाटतं, पण तेव्हा असं लिहिणं धोक्याचं होतं. १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याचं कळताच त्यानं तयार होत आलेलं पुस्तक गुपचूप बाजूला ठेवलं.

मग आत्म्याचं काय उरलं? तर विचार. देकार्तची युक्ती अशी होती की ज्यावर शंका घेता येईल त्या सगळ्यावर घ्यायची. डोळे फसवतात. स्वप्नातही आपण चालतो, बोलतो. कदाचित हे शरीरही भासच असेल. पण शंका घेणारा कुणीतरी आहे, यावर शंका घेता येत नाही, कारण ती घ्यायलाही तोच लागतो. टी-शर्टवर छापतात ते त्याचं वाक्य यातूनच आलंय. तिथून त्यानं उडी मारली की मी शरीराशिवाय स्वतःची कल्पना करू शकतो, विचाराशिवाय नाही, म्हणजे मी मुळात विचार करणारी वस्तू आहे आणि शरीर वेगळं.

इथे मी दर वेळी अडखळते. समजा मला केशवसुत माहीत आहेत आणि कृष्णाजी केशव दामले कोण ते माहीत नाही. म्हणून काय ती दोन माणसं होतात? ही खोच त्या काळीही काढली गेली होती. आंत्वान आर्नो नावाच्या, तेव्हा तिशीही न गाठलेल्या पंडितानं विचारलं होतं की एखाद्याला त्रिकोण काटकोन आहे हे पक्कं माहीत असेल आणि पायथागोरसच्या प्रमेयावर मात्र शंका असेल, तर प्रमेय त्या त्रिकोणापासून वेगळं झालं का? देकार्तनं उत्तर दिलं, लांबलचक. मला ते पटलेलं नाही.

याच काळातली त्याच्या घरातली गोष्ट नोट्समध्ये नसते. ॲमस्टरडॅममध्ये तो ज्या घरात राहायचा तिथे हेलेना नावाची बाई कामाला होती. तिच्यापासून त्याला १६३५ मध्ये मुलगी झाली, फ्रांसीन. लग्न केलं नाही, पण मुलगी आपली म्हणून मानली, शिक्षणासाठी तिला फ्रान्सला पाठवायचं चाललं होतं. सप्टेंबर १६४० मध्ये तापानं ती गेली. पाच वर्षांची होती. पुढच्याच महिन्यात वडील गेले. शोकात असलेल्या एका मित्राला त्यानं नंतर कळवलं की रडणं म्हणजे फक्त बायकांचं काम असं आपण मानत नाही, आपणही नुकतीच दोन जवळची माणसं गमावली आहेत.

तेव्हाच त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक छापायला निघालं होतं. १६४१ च्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर जाहीर केलं होतं की यात देवाचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व सिद्ध केलं आहे. वाचल्यावर त्याचा मित्र मेर्सेन यानं दाखवून दिलं की अमरत्वाबद्दल आत एक शब्दही नाही. १६४२ च्या आवृत्तीत नाव बदललं. अमरत्व गेलं, आत्मा शरीराहून वेगळा आहे एवढंच उरलं. मला हा बदल फार प्रामाणिक वाटतो. नुकतंच लेकरू गेलेल्या माणसाला आत्मा अमर आहे असं लिहावंसं वाटलं नसेल? पण जेवढं सिद्ध करता येतं असं त्याला वाटत होतं, तेवढ्यावर तो थांबला.

आता ती चोवीस वर्षांची मुलगी. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. राजकन्या म्हणजे नावाला. वडिलांचं राज्य एका हिवाळ्यापुरतं टिकलं, लढाईत गेलं, आणि सगळं कुटुंब हॉलंडमध्ये आश्रयाला. ग्रीक, लॅटिन, गणित सगळ्यात हुशार. भावंडं तिला 'ग्रीक' म्हणूनच चिडवायची. तिनं देकार्तचं पुस्तक वाचलं आणि मे १६४३ मध्ये पत्र लिहिलं. तिचा मुद्दा सरळ होता. एखादी वस्तू हलवायची तर तिला धक्का द्यावा लागतो. धक्का द्यायला स्पर्श हवा, स्पर्शाला आकारमान हवं. तुमच्या आत्म्याला आकारमानच नाही. मग मी हात उचलायचं ठरवते आणि हात उचलला जातो, हे होतं कसं?

देकार्तनं वजनाचा दाखला दिला. दगडाला त्याचं वजन खाली नेतं, पण वजन काही वर बसून ढकलत नाही ना? आत्म्याचंही तसं समजा. एलिझाबेथनं ऐकून घेतलं नाही. वजनाबद्दलची ही समजूत चुकीची आहे असं तुम्हीच सांगता, मग तिचाच दाखला कसा देता? त्यापेक्षा आत्म्यालाच आकारमान आहे असं मानणं मला सोपं जाईल, असं तिनं कळवलं. यावर त्याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. आत्मा आणि शरीर वेगळे आहेत हे एकांतात विचार करून कळतं, पण ते एकत्र आहेत हे मात्र रोजच्या जगण्यातून, गप्पांतून, विचार बाजूला ठेवल्यावरच कळतं, असं तो म्हणाला. तो स्वतः अशा शुद्ध चिंतनाला वर्षातले काही तासच देतो, हेही सांगून टाकलं. वर्षातले!

खरं तर त्यालाही माहीत होतं की आत्मा शरीरात नावाड्यासारखा बसलेला नाही. नाव फुटली तर नावाडी बघतो, त्याला दुखत नाही. आपल्याला दुखतं. १६४४ च्या पुस्तकात त्यानं एका मुलीची हकिकत दिली आहे. हात सडल्यामुळे तो कोपरापासून कापावा लागला, वर कापड गुंडाळून ठेवलं, तिला सांगितलंच नाही. ती पुढे कित्येक दिवस बोटं दुखतात म्हणून सांगत होती. नसलेली बोटं. देकार्तनं यावरून ओळखलं की वेदना बोटात नसते, नसांमधून मेंदूकडे जे पोचतं त्यावर ती ठरते. हे पुस्तक त्यानं एलिझाबेथलाच अर्पण केलं.

१६४५ मध्ये एलिझाबेथ आजारी पडली. बारीक ताप, कोरडा खोकला, महिनोन् महिने. देकार्तनं निदान केलं की याचं मूळ दुःखात आहे, घरावर कोसळणाऱ्या संकटांत आहे. तिनं झाडं, फुलं, उडणारे पक्षी बघत मन शांत ठेवावं. आपल्यालाही आईकडून आलेला असाच खोकला होता, डॉक्टरांनी लवकर मरणार म्हणून सांगितलं होतं, पण गोष्टींची चांगली बाजू बघायची सवय लावली आणि तो गेला, असंही लिहिलं. आता बघा, वेगळेपणाचा सिद्धांत मांडणारा माणूस इथे काय करतोय? मनाला औषध देऊन शरीर बरं करू बघतोय. आणि एलिझाबेथचं म्हणणं, शरीर इतकं दुबळं झालं की शांत विचार करायची ताकदच राहत नाही, त्याचं काय? तुम्ही कधी तापात अभ्यास केला असेल तर तिची बाजू कळेल. आपली मराठी तर तिच्याच बाजूची आहे. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, छातीत धस्स होतं. ह्यात मन कुठलं आणि शरीर कुठलं, सांगा.

भावना म्हणजे नेमकं काय ते नीट लिहा, असा तिनंच आग्रह धरला. त्यातून देकार्तचं शेवटचं पुस्तक झालं, १६४९ चं. मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीत आत्मा आणि शरीर एकमेकांना भेटतात, असं त्यात आहे. कारण? डोळे दोन, कान दोन, मेंदूचे भागही जोडीजोडीनं, पण आपल्याला दिसतं एकच चित्र. म्हणजे एकत्र येण्याची जागा एकटीच असली पाहिजे, आणि त्याच्या मते एकटी अशी ही ग्रंथीच. आज आपल्याला माहीत आहे की ती मेलाटोनिन तयार करते, झोपेच्या वेळा सांभाळायला मदत करते. आणि जागा सापडली तरी एलिझाबेथचा प्रश्न होताच. ती ग्रंथीही शरीरच. तिला आत्मा कसा ढकलतो?

त्याच वर्षी स्वीडनच्या राणी क्रिस्टिनानं त्याला बोलावून घेतलं. राणी तेविशीतली, प्रचंड उत्साही, आणि शिकवणीची वेळ पहाटे पाच. स्टॉकहोमचा हिवाळा. आयुष्यभर उशिरा उठलेल्या माणसाला पहाटेच्या अंधारात राजवाड्यात जावं लागलं. ज्याच्याकडे राहत होता त्या फ्रेंच राजदूताला न्यूमोनिया झाला, देकार्तनं त्याची सेवा केली. राजदूत वाचला. देकार्त ११ फेब्रुवारी १६५० ला गेला, त्रेपन्न वर्षांचा.

तिथेच पुरला. १६६६ मध्ये हाडं फ्रान्सला न्यायला काढली, तेव्हा उजव्या हाताचं एक बोट फ्रेंच राजदूतानं आठवण म्हणून मागून घेतलं. कवटी गायब झाली आणि स्वीडनमध्ये या हातातून त्या हातात फिरत राहिली. शेवटी १८२१ मध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञानं ती मिळवून पॅरिसला धाडली. धड तोवर चर्चमध्ये पोचलं होतं. दोन्ही एकत्र करायचं कुणी मनावर घेतलं नाही.

एलिझाबेथ त्याच्यानंतर तीस वर्षं जगली, पुढे एका मठाची प्रमुख झाली. देकार्तच्या कागदांत तिची पत्रं सापडली तेव्हा ती छापू का, असं विचारण्यात आलं. तिनं नकार दिला आणि पत्रं परत मागवून घेतली. देकार्तची पत्रं १६५७ मध्ये छापली गेली. तिच्या पत्रांच्या प्रती हॉलंडमधल्या एका जुन्या वाड्यात सापडल्या आणि त्या छापून यायला १८७९ उजाडलं. मधली दोनशे बावीस वर्षं लोक फक्त त्याची उत्तरं वाचत होते. आमच्या पेपरातही दहा मार्कांना तीच आली होती. नोट्सच्या दीड पानात तिचं नाव नव्हतं.