बीटी कापसातल्या 'बी'चा माणूस : फर्डिनांड कोह्न

बीटी कापसाचं पाकीट आपण दर हंगामात फोडतो. त्या बीटीतला 'बी' म्हणजे बॅसिलस, जिवाणूंच्या एका गटाचं नाव. हा गट १८७२ साली पाडला फर्डिनांड कोह्न यांनी.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८२८ चा, ब्रेस्लाउ शहरातला. तेव्हा हे शहर जर्मन प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू व्यापाऱ्याचं. लहानपणापासूनच ऐकायला कमी यायचं. पोरगा हुशार, पण ज्यू म्हणून गावच्या विद्यापीठाने पदवी दिली नाही. मग बर्लिन गाठलं आणि १९ व्या वर्षी डॉक्टरेट मिळवली. वडिलांनी एक महागडा सूक्ष्मदर्शक घेऊन दिला, त्याचं पुढे सोनं झालं.

त्या काळी जिवाणूंचा नुसता गोंधळ होता. मोठमोठे जाणकार म्हणायचे, आज गोल दिसतो तोच जिवाणू उद्या लांबडा होतो. हे खरं असतं तर कुठला रोग कशाने होतो हे कधी सांगताच आलं नसतं. ज्वारी पेरून बाजरी उगवायला लागली तर माणसाने करायचं काय? कोह्न म्हणाले, तसं नाही, यांच्याही जाती ठरलेल्या आहेत. आकार बघून त्यांनी चार गट केले : गोल, आखूड काडीसारखे, लांब धाग्यासारखे आणि पिळाचे. बॅसिलस तिसऱ्या गटातला. नुसता आकार पुरेसा नाही, हेही त्यांना कळत होतं. जिवाणूंना त्यांनी वनस्पतींत धरलं, ते मात्र पुढे टिकलं नाही.

१८७६ साली त्यांनी दाखवलं की वाळल्या गवताचं पाणी उकळलं तरी बॅसिलसचे बीजाणू मरत नाहीत. त्याच वर्षी ३० एप्रिलला रॉबर्ट कॉख नावाचा खेड्याकडचा डॉक्टर त्यांच्या दारात आला. जनावरांची काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, एका बॅसिलसने होते आणि त्याचेही बीजाणू बनतात, हे त्याने करून दाखवलं. कोह्न यांनी ते आपल्या नियतकालिकात छापलं. काळपुळीने मेलेलं जनावर फाडू नका असं पशुवैद्यक सांगतात ते या बीजाणूंमुळेच. मातीत ते वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

२५ जून १८९८ ला कोह्न वारले. गवताच्या पाण्यातला त्यांचा तो बॅसिलस सबटिलिस आज जैविक बुरशीनाशक म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळतो.