फोटो काढला, पण विचारलं का?

नेकनूरच्या आठवडी बाजारात एखाद्या फेटेवाल्या आजोबांचा फोटो घ्यायला मोबाइल बाहेर काढला, की हात जरा अडखळतोच ना? विचारलं, तर आजोबा ताठ उभे राहून पोज देणार. न विचारता घेतला, तर चोरी केल्यासारखं वाटणार. एका फ्रेंच माणसानं मात्र न विचारताच, परक्या देशांच्या रस्त्यांवर फिरत आयुष्यभर फोटो काढले. त्याचं नाव हेन्री कार्तिए-ब्रेसाँ.

जन्म १९०८चा, पॅरिसजवळचा. घरचा शिवणाच्या दोऱ्याचा मोठा कारखाना. याला मात्र चित्रकार व्हायचं होतं. १९३१मध्ये आफ्रिकेत गेला आणि तापानं मरता मरता वाचला. पुढच्या वर्षी हातात लायका कॅमेरा आला. छोटासा. त्याचे चमकणारे भागही त्यानं काळ्या पट्टीनं झाकून टाकले, म्हणजे कुणाचं लक्ष जायला नको. फ्लॅश नाही. लेन्स बहुतेक वेळा ५० मिलिमीटरची, म्हणजे झूमची सोयच नाही. माणूस जवळून हवा तर पायांनी जवळ जायचं!

युद्धात १९४०मध्ये जर्मनांनी पकडलं. दोनदा पळायचा प्रयत्न फसला, तिसऱ्यांदा, १९४३मध्ये निसटला.

१९४७मध्ये रॉबर्ट कापा वगैरे मित्रांसोबत त्यानं मॅग्नम ही फोटोग्राफरांच्याच मालकीची संस्था काढली आणि त्याच वर्षी तो भारतात आला. सोबत बायको, जावाची नर्तकी रत्ना मोहिनी. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या छावणीत त्यानं निर्वासितांना टिपलं. घरदार गेलेली ही माणसं मरगळ झटकायला व्यायाम करताहेत. त्या फोटोत रडणारं कुणी दिसत नाही, म्हणूनच तो जास्त लागतो.

३० जानेवारी १९४८ला तो दिल्लीत गांधीजींना भेटला. न्यूयॉर्कमधल्या आपल्या प्रदर्शनाचं पुस्तक दाखवलं. गांधीजींनी सावकाश पानं उलटली. तो बाहेर पडला आणि काही वेळातच गोळ्या झाडल्याची बातमी आली. तसाच उलटा बिर्ला हाऊसकडे. फाटकावरून नेहरू जमावाला बापू गेल्याचं सांगत होते. अंधार होता, फोटो हललेला आला. आज आपण असला फोटो डिलीट केला असता.

त्याच वर्षी श्रीनगरच्या टेकडीवर प्रार्थना करणाऱ्या काही बायका त्यानं टिपल्या. एकीचे तळवे आभाळाकडे उघडलेले. फोटो जगभर गाजला. त्या बायकांची नावं मात्र फोटोखाली कधी आली नाहीत.

तिथून पुढे चीन, नंतर १९५४मध्ये रशिया. सगळीकडे अनोळखी माणसंच.

आणि स्वतःचा फोटो? तो कुणाला काढूच द्यायचा नाही. १९७५मध्ये ऑक्सफर्डची मानद पदवी घेताना त्यानं चेहऱ्यासमोर चक्क कागद धरला. चेहरा ओळखीचा झाला तर रस्त्यावर काम करता येणार नाही, हे कारण. कारण पटतं, तरी मला खटकतं. चेहरा झाकायची सवलत त्या काश्मिरी बायकांना कुठे मिळाली होती? पण त्यानं विचारलं असतं, तर ते उघडे तळवे मिटले असते, हेही खरंच.

सत्तरीच्या दशकात त्यानं कॅमेरा जवळपास बाजूला ठेवला आणि पुन्हा चित्रं काढू लागला. तिथं लपून जमत नाही, समोरच्याला बसायला सांगावं लागतं. ऑगस्ट २००४मध्ये, ९५व्या वर्षी तो गेला.